हाताचा मळ आणि नोटेचा विटाळ

पैसा हा हाताचा मळ आहे, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. उधळ्याने ते स्वतःच्या समर्थनासाठी म्हटले, विरक्ताने उपदेशासाठी आणि गरिबाने मनाच्या समजुतीसाठी. या वाक्प्रचारातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी ध्यानात घेत नाही. त्यात मळ हाताचा आहे. पैसा येतो नि जातो, जसा मळ साचतो नि धुतला जातो. धुवायचा असतो तो हात. २०२० च्या मार्च महिन्यात आपल्या समाजाने हा वाक्प्रचार नकळत उलटा केला. हात निर्मळ ठरला, नोट मळकी ठरली, आणि घराघरांत नोटा धुण्याचा उद्योग सुरू झाला. या उलटापालटीत आरोग्याचा प्रश्न आहेच. पण त्याहून जुना, त्याहून अवघड असा एक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत टिपण त्या दुसऱ्या प्रश्नाकडे पोचण्यासाठी पहिल्याची वाट घेते.

त्या वसंतात काय काय घडले हे आठवून पाहावे. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या नोटा कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या दिसत. कुणी त्यांवर सॅनिटायझर फवारी, कुणी इस्त्री फिरवी, कुणी त्या दिवसभर उन्हात वाळवणासारख्या पसरून ठेवी. एप्रिल २०२० मध्ये एका बँकेतील रोखपाल ग्राहकाचा धनादेश चिमट्याने उचलून त्यावर इस्त्री फिरवतो आहे, अशी चित्रफीत देशभर पाहिली गेली. आपण हसलो, हसण्यात कौतुकही होते. हे वेड केवळ आपले नव्हते. दक्षिण कोरियात लोकांनी नोटा धुलाईयंत्रात घातल्या, मायक्रोवेव्ह भट्टीत तापवल्या, आणि त्या खराब झाल्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेला तसे न करण्याचे आवाहन करावे लागले. चीनच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२० मध्ये जमा झालेल्या नोटा उष्णतेने वा अतिनील किरणांनी निर्जंतुक करून सात ते चौदा दिवस वेगळ्या ठेवण्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने आशियातून परतणारे डॉलर सात ते दहा दिवस बाजूला ठेवले. माणसांच्या आधी नोटांचे विलगीकरण झाले, असे म्हणण्याचा मोह व्हावा अशी ती परिस्थिती होती.

मग विज्ञान काय सांगत होते? प्रारंभी त्याचे उत्तर अपुरे होते, आणि अपुरेपणाची त्याला लाज नव्हती. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगांत हा विषाणू प्लास्टिक व पोलाद यांवर दोन ते तीन दिवस, पुठ्ठ्यावर चोवीस तासांपर्यंत आणि तांब्यावर चार तासांपर्यंत टिकलेला आढळला. ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो वीस अंश तापमानात, संपूर्ण अंधारात, काच, पोलाद आणि नोटा यांवर अठ्ठावीस दिवस तग धरू शकतो असे दाखवले. ‘अठ्ठावीस दिवस’ हा मथळा जगभर गेला. अंधार, स्थिर तापमान आणि प्रयोगशाळा या अटी मथळ्यात मावल्या नाहीत. चाळीस अंशांवर तोच विषाणू दोन दिवसांच्या आतच निष्प्रभ झाला होता. आणि आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाचे तापमान ठाऊक असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

टिकणे आणि पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक त्या गदारोळात हरवला. विषाणू जिवंत पेशीच्या बाहेर वाढत नाही. नोटेवर तो केवळ क्षीण होत जातो. तो नोटेवरून बोटावर, बोटावरून डोळ्यांत, नाकात वा तोंडात पुरेशा संख्येने पोचला तरच संसर्ग संभवतो. आणि या प्रत्येक टप्प्यावर त्याची गळती होते. नोव्हेंबर २०२० मध्ये बँक ऑफ इंग्लंडने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोटेवरील विषाणूचे प्रमाण सहा तासांत मूळच्या पाच टक्क्यांवर वा त्याखाली आले होते. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या सहकार्याने बोखुम येथील संशोधकांनी २०२१ मध्ये याहून नेमका प्रश्न विचारला: नोटेवर पडलेला द्रव वाळल्यावर बोटावर किती संसर्गक्षम विषाणू येतो? उत्तर होते, जवळजवळ काहीच नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले. साथीचा राजमार्ग श्वासाचा होता: बंद खोली, गर्दी, मोठ्याने बोलणे, उघडे तोंड.

याचा अर्थ नोट पवित्र आहे असा नव्हे. २००८ मध्ये जिनिव्हातील संशोधकांनी इन्फ्लुएन्झाचा विषाणू नोटांवर नाकातील स्रावासह ठेवला, तेव्हा तो सतरा दिवसांपर्यंत टिकला. स्रावाविना मात्र तीन दिवसांच्या पुढे नाही. थोडक्यात, धोका कागदात नसतो, कागदावर शिंकणाऱ्या, थुंकी लावणाऱ्या व्यवहारात असतो. बोटाला जिभेचा ओलावा देऊन नोटांचे बंडल मोजणे ही आपल्या बाजारपेठेची जुनी सवय. एखादी नवी साथ उद्या आली, तर सर्वांत आधी सोडायची गोष्ट हीच. तीत मोजणाऱ्याचा ओलावा नोटेला लागतो आणि नोटेवरचे सारे मोजणाऱ्याच्या तोंडात जाते. पाण्याने भिजवलेल्या स्पंजाची चकती गल्ल्यावर ठेवली की हे काम भागते.

उरलेली पथ्ये इतकी साधी आहेत की त्यांचे कुणाला अप्रूप वाटत नाही. रोख हाताळल्यावर वीस सेकंद साबणाने हात धुवावेत. पाणी नसेल तर अल्कोहोलयुक्त द्रव हातांवर चोळावा, नोटेवर नव्हे. हात धुवेपर्यंत चेहऱ्यास बोट लावू नये. नोटा आणि खाद्यपदार्थ एकाच हाताने हाताळू नयेत. वडापाव बांधणारा हात आणि पैसे घेणारा हात वेगळे असावेत. मनाला फारच रुखरुख लागली असेल, तर नोटा कागदी पाकिटात घालून एक-दोन दिवस बाजूला ठेवाव्यात; काळासारखा स्वस्त निर्जंतुक दुसरा नाही. नाणी साबणाच्या पाण्यात खुशाल धुवावीत, कोरडी करावीत. नोटा मात्र धुऊ नयेत. भारतीय नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो; त्यात सुरक्षा धागा, उठावदार छपाई, रंग बदलणारी शाई असते. घासण्याने, विरंजकाने, उष्णतेने या खुणा बिघडतात आणि खरी नोट यंत्राला ओळखू येईनाशी होते. मायक्रोवेव्ह भट्टीत धातूमिश्रित धाग्यामुळे ठिणगी पडून नोट जळू शकते. अल्कोहोलने भिजवलेल्या नोटेवर इस्त्री फिरवणे म्हणजे तर आगीला आमंत्रण. मळलेली वा फाटलेली नोट बँकेत बदलून मिळते, पण फार जळालेली, ठिसूळ झालेली नोट घेऊन रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयापर्यंत जावे लागते. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘स्वच्छ नोट धोरण’ आखले, त्यापुढे नोटांच्या गड्ड्यांना टाचण्या मारणे थांबले, नोटांवर लिहू नये असे वारंवार सांगितले गेले. नोट स्वच्छ ठेवणे म्हणजे ती जपून वापरणे. धुणे हा त्याचा पर्याय नाही.

इथवरचा मजकूर कोणत्याही आरोग्यपत्रकात शोभेल. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात मन का घालावे? आमच्या मते याचे उत्तर इतिहासात आणि भाषेत आहे.

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील ईअम या गावाने १६६५-६६ च्या प्लेगात स्वतःला बंद करून घेतले. गावाच्या सीमेवरील दगडातील खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवली जात आणि बाहेरचे लोक त्या बदल्यात धान्य ठेवून जात. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कुणास ठाऊक नव्हते. शास्त्राच्या दृष्टीने पाहता व्हिनेगरने फारसे काही साधले नसावे. तरीही त्या दगडाविषयी आम्हांला आदर वाटतो, कारण तिथे नाणे धुणारा हा स्वतःला रोगी मानणारा गाव होता. आपला रोग दुसऱ्यास जाऊ नये म्हणून तो आपले नाणे धुवीत होता.

मुंबईची गोष्ट निराळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि सरकारने चाळींवर कार्बोलिक आम्लाच्या पाण्याचे लोट सोडले, गरिबांची चिरगुटे जाळली, छपरांची कौले काढली. १८९७ चा साथरोग कायदा त्याच काळातला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. पोल-लुई सिमों या फ्रेंच संशोधकाने कराचीत उंदरावरील पिसूचा संबंध दाखवला तो १८९८ मध्ये. तोवर निर्जंतुकीकरणाचा सारा आवेश वस्तूंवर आणि त्या वस्तू ज्यांच्या होत्या त्यांच्यावर निघाला. रोगाचा मार्ग माहीत नसताना सत्तेने स्वच्छता हाती घेतली की ती प्रथम दुर्बळाच्या दारात पोचते, हा त्या काळाचा धडा आहे.

आणि तिसरी एक आठवण आहे, जी कोणत्याही साथीची नाही. या महाराष्ट्रात, अगदी अलीकडच्या शतकापर्यंत, अस्पृश्य मानलेल्या ग्राहकाने दुकानदाराच्या हातात पैसे द्यायचे नसत. त्याने नाणे जमिनीवर वा उंबऱ्यावर ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलणार आणि माल वरून टाकणार. दलित साहित्याच्या वाचकास हे दृश्य परके नाही. नाणे स्वीकारले जाई, हात नाकारला जाई. पाण्याचे ते चार थेंब जंतूंसाठी नव्हते. ज्या हाताने नाणे धरले होते तो हात पुसून टाकण्यासाठी होते. आरोग्य आणि विटाळ यांच्यातला भेद इथे लख्ख दिसतो. आरोग्याचा नियम सांगतो, ‘तुझा हात धू.’ विटाळाचा नियम सांगतो, ‘त्याचा स्पर्श धू.’ पहिला नियम सर्वांना सारखा लागू असतो, कारण जंतूला जात कळत नाही. दुसरा एकाच दिशेने वाहतो.

आता २०२० मधील व्यवहार या कसोटीवर घासून पाहावेत. भाजीवाल्याने दिलेली मोड घरी आणून धुतली गेली. पण आपण त्याला दिलेली नोट धुऊन दिली होती काय? घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार पाकिटात घालून दारातल्या स्टुलावर ठेवला गेला. तो तिच्या रक्षणासाठी की आपल्या? सोसायटीच्या फाटकापाशी विक्रेत्याने पैसे घेण्यासाठी पुढे केलेला हात पाहून मागे सरलेली पावले, बादलीत टाकलेली नाणी, दोन बोटांच्या चिमटीत धरलेली नोट, या साऱ्या हालचाली आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवाव्या लागल्या नाहीत. शरीराला त्या पाठ होत्या. त्याच दिवसांत रस्त्यावर पडलेल्या नोटांविषयी अफवा उठल्या. कुणीतरी त्या मुद्दाम टाकल्या आहेत अशी कुजबुज झाली आणि ते ‘कुणीतरी’ कोणत्या धर्माचे, हेही कुजबुजणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकले होते. नोटेच्या आडून माणसावर संशय घेणे सोपे जाते, कारण नोट कुणाच्या हातातून आली हे सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

येथे कुणी रास्त आक्षेप घेईल. मार्च २०२० मध्ये काहीच ठाऊक नव्हते. अशा वेळी अधिक काळजी घेतली तर बिघडले कोठे? घरात वृद्ध होते, आजारी होते. भीती खोटी नव्हती. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. अज्ञानाच्या क्षणी सावधगिरी हाच विवेक असतो, आणि त्या वसंतात नोट धुणाऱ्या प्रत्येकाला जातीयवादी ठरवणे हा अन्याय होईल. परंतु सावधगिरीच्या दोन कसोट्या आहेत. पहिली अशी, की ज्ञान वाढले की ती बदलते. २०२१ पर्यंत श्वासाचा मार्ग पुरेसा स्पष्ट झाला होता; तरीही नोटेवर फवारणारे कित्येक हात नाकाखाली मुखपट्टी ओढून बंद खोलीत गप्पा मारीत बसले. नोट धुण्यास कष्ट पडत नव्हते, खिडकी उघडण्यास आणि समारंभ टाळण्यास पडत होते. दुसरी कसोटी अशी, की सावधगिरी दोन्ही बाजूंनी असते. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये ठेवलेले तबक दोघांनाही राखते आणि कुणाचा अपमान करीत नाही. केवळ घेणाऱ्याच्या सोयीसाठी जमिनीवर ठेवायला लावलेले पैसे तसे नसतात.

यास आर्थिक बाजूही आहे. नोटेला दोन दिवस विश्रांती द्या, हा सल्ला आम्हीही वर दिला. पण तो कुणाला परवडतो? पहाटे बाजार समितीतून उधार-उसनवारीने माल उचलायचा, दिवसभर विकायचा आणि संध्याकाळच्या गल्ल्यातून उद्याच्या पहाटेची सोय करायची, असे ज्याचे भांडवल आहे त्याची नोट एक रात्रही विसावू शकत नाही. ज्याच्यापाशी एकच नोट आहे त्याने तिचे विलगीकरण कसे करावे? रिझर्व्ह बँकेने १६ मार्च २०२० रोजी डिजिटल व्यवहारांचे आवाहन केले, आणि ते योग्यच होते. पुढे चौकोनी कोडचा फलक हातगाडीवरही लागला. पण त्याच वर्षी रोकडीचे काय झाले? रिझर्व्ह बँकेच्याच वार्षिक अहवालानुसार २०२०-२१ मध्ये चलनातील नोटांचे मूल्य १६.८ टक्क्यांनी आणि संख्या ७.२ टक्क्यांनी वाढली. नोटेला भिणाऱ्या समाजाने नोटाच साठवून ठेवल्या. भय विषाणूचे होते, तसेच उद्याचेही होते. आणि उद्याच्या भयावर आपल्याकडे आजही उशाशी असलेली रोकड हाच उतारा आहे. एप्रिल ते जून २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा पाचशे रुपये जमा झाले, तेव्हा ते काढण्यासाठी बायाबापड्या बँकांबाहेर रांगा लावून उभ्या होत्या. धोका त्या पाचशेच्या नोटेत नव्हता, तो त्या दाटीवाटीच्या रांगेत होता. नोट धुण्यात गुंतलेल्या समाजाला ती रांग मोकळी करण्याचे सुचले असते, तर अधिक बरे झाले असते.

शेवटी भाषेविषयी, कारण ती आपली जबाबदारी आहे. त्या काळात ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग भाषांतरातून आपल्याकडे आला आणि रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ या अर्थाचा शब्द पसंत केला होता. आपण मात्र जुनाच धरून ठेवला. ज्या भाषेत सामाजिक अंतराचा अर्थ शतकानुशतके गावकुसाबाहेरची वस्ती असा होता, तिने हा शब्द इतक्या सहज गिळावा, याचे आम्हांस नवल वाटते आणि दुःखही. ‘स्पर्श’, ‘संसर्ग’, ‘शुद्ध’, ‘दूषित’ हे शब्द आपण विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात वापरतो तेव्हा ते कोरे नसतात. त्यांच्या अंगाला आधीच्या वापराचा वास असतो. वर्गात दलित आत्मकथने शिकवणाऱ्या अध्यापकांनी आणि ती अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी २०२० मधील वर्तमानपत्रे, सूचनाफलक आणि गृहसंस्थांची परिपत्रके त्याच डोळ्यांनी पुन्हा वाचून पाहावीत, अशी आमची सूचना आहे. वाङ्मयीन वाचनाची ही कसोटीच ठरेल. पाणी शिंपडलेले नाणे आपण पुस्तकात ओळखतो. परिपत्रकात ओळखतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथी मात्र येतच राहणार. पुढच्या विषाणूचा मार्ग कदाचित वेगळा असेल. कदाचित तो खरोखर स्पर्शातूनच अधिक पसरणारा असेल. तेव्हाही पहिला नियम बदलणार नाही: रोख हाताळा, आपला हात धुवा, तोंडाला लावू नका. पहिल्या विक्रीची नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकणारा विक्रेता आपल्याकडे अजून आहे. त्या ‘भवानी’च्या क्षणी तो नोट कुणाच्या हातून आली हे विचारीत नाही. त्याने ती कपाळाऐवजी नुसती डोळ्यांसमोर धरावी, एवढेच आरोग्यशास्त्र त्याला सांगेल. बाकी त्याची दृष्टी आपल्यापेक्षा निरोगी आहे. नोटेला विटाळ नसतो. मळ हाताचा असतो, आणि तो प्रत्येकाने आपापला धुवायचा असतो.